घारापुरीचे वाढते शुल्क आणि बेटाचा वाटा : एक चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : घारापुरी, प्रवेशशुल्क, जलपर्यटन, स्थानिक स्वराज्य संस्था, शैक्षणिक सहल.

प्रास्ताविक

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे एका तासाच्या अंतरावर असलेले घारापुरी हे बेट महसुली दृष्ट्या रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. येथील शैव लेण्यांचा १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. लेणी पाहण्यास येणारा प्रत्येक जण प्रथम जलप्रवासी असतो आणि नंतर पर्यटक. ही साधी गोष्ट शासनाचे शुल्कविषयक धोरण मात्र विचारात घेत नाही. प्रस्तुत लेखात या धोरणाची चिकित्सा करावयाची आहे. शुल्क वाढविणे योग्य की अयोग्य, एवढाच हा प्रश्न नाही. घेतलेले शुल्क ज्या पाण्यावरून व ज्या धक्क्यावरून पर्यटक येतो तेथे परत येते काय, हा खरा प्रश्न होय.

शुल्कवाढीचे स्वरूप

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग १९५८ चा प्राचीन स्मारकविषयक अधिनियम व त्याखालील १९५९ चे नियम यांच्या आधारे प्रवेशशुल्क आकारतो. २००० मध्ये जागतिक वारसास्थळांसाठी परदेशी पर्यटकांचे शुल्क एकदम १० डॉलर करण्यात आले आणि पुढे ते निम्म्यावर, म्हणजे ५ डॉलर अथवा २५० रुपयांवर आणले गेले. त्यानंतर दीर्घकाळ भारतीयांसाठी १० व परदेशी पर्यटकांसाठी २५० रुपये हा दर होता. एप्रिल २०१६ मध्ये तो अनुक्रमे ३० व ५०० रुपये, तर ऑगस्ट २०१८ मध्ये ४० व ६०० रुपये झाला. रोखविरहित व्यवहारास थोडी सवलत ठेवण्यात आली. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश निःशुल्क आहे.

या आकड्यांकडे प्रमाणाच्या दृष्टीने पाहिल्यास वेगळेच चित्र दिसते. परदेशी पर्यटकाचे शुल्क २.४ पट झाले, भारतीयाचे मात्र चौपट. रक्कम लहान असल्यामुळे ही वाढ जाणवत नाही, असे म्हटले जाते आणि मुंबईत राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबापुरते ते खरेही आहे. तथापि चाळीस विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन जाणाऱ्या महाविद्यालयास पूर्वी जेथे ४०० रुपये लागत, तेथे आता १६०० रुपये लागतात. निःशुल्क प्रवेशाची मर्यादा पंधरा वर्षांवर संपत असल्याने इतिहास वा मराठी विषयाचा पदवीचा विद्यार्थी त्या सवलतीत बसत नाही. ज्या वयात लेण्यांतील महेशमूर्ती समजून घेण्याची खरी पात्रता येते, त्याच वयात सवलत संपते, ही विसंगती नोंदविली पाहिजे.

एक बेट, अनेक वसूलदार

जमिनीवरील स्मारक आणि बेटावरील स्मारक यांत मूलभूत फरक आहे. अजिंठ्याच्या परिसरापर्यंत प्रवासाचे अनेक पर्याय असतात. घारापुरीस लाँचखेरीज सामान्य माणसापुढे पर्याय नाही. लाँचचे परतीचे तिकीट प्रवेशशुल्काच्या कित्येक पट असते. लाँच व्यवसायाचे परवाने व नियमन महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, बंदराचे क्षेत्र मुंबई बंदर प्राधिकरणाकडे, लेणी केंद्र शासनाकडे आणि गाव ग्रामपंचायतीकडे अशी अधिकारांची विभागणी आहे. धक्क्यावर उतरताच ग्रामपंचायतीचा काही रुपयांचा कर द्यावा लागतो. छोट्या गाडीने पायथ्याशी जावयाचे तर तिचे तिकीट वेगळे. पायऱ्या चढून गेल्यावर पुरातत्त्व विभागाची खिडकी येते. यांपैकी कोणतीही एक आकारणी अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु या सर्वांची बेरीज करणारी यंत्रणा कोठेच नाही. प्रत्येक कार्यालय आपापल्या दरापुरता विचार करते. बेरीज करावी लागते ती पर्यटकाला.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे निःशुल्क प्रवेशाचे दिवस. १८ एप्रिल रोजी, जागतिक वारसा दिनी, केंद्रीय स्मारकांचा प्रवेश निःशुल्क ठेवण्याचा प्रघात आहे. दौलताबादच्या परिसरातील रहिवाशास त्याचा पूर्ण लाभ मिळतो. घारापुरीस मात्र त्या दिवशीही लाँचचे पैसे भरूनच पोहोचावे लागते. दारावरची सवलत पाण्यापलीकडे असणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

नौकाविहार करणाऱ्यांवरील कर

स्वतःच्या अथवा भाड्याच्या नौकेने येणारा हौशी दर्यावर्दी हा दुसरा घटक होय. सप्टेंबर २०२५ मधील वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत विहारनौका व क्रीडानौका यांवरील कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के करण्यात आला. चैनीच्या वस्तूंवर अधिक कर असावा, या तत्त्वाशी वाद नाही. आक्षेप आहे तो वर्गीकरणाला. कोट्यवधींची खासगी नौका आणि शिडाच्या होडीवर सराव करणाऱ्या क्रीडा संस्थेची लहान नौका यांत हे वर्गीकरण पुरेसा भेद करीत नाही. नाशिकच्या गंगापूर धरणावरील बोट क्लबसारख्या ठिकाणी लागणाऱ्या लहान वेगनौकाही या वर्गात मोडू शकतात. लांबलचक किनारा लाभलेल्या राज्यात नौकानयन ही केवळ धनिकांची हौस राहावी, असाच संदेश यातून जातो.

प्रवासी वाहतुकीबाबतही अशीच रेषा आखलेली आहे. देशांतर्गत जलवाहतुकीच्या सार्वजनिक सेवेस करातून सूट आहे. मात्र ती प्रामुख्याने पर्यटनासाठी नसावी, अशी अट आहे. शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर येथील रहिवाशांना दवाखाना, बाजारहाट व उच्च शिक्षण यांसाठी पाणी ओलांडावेच लागते. ज्या बेटावर पर्यटन हीच मुख्य उपजीविका आहे, तेथे पर्यटनाची फेरी कोठे संपते व गावकऱ्याची कोठे सुरू होते, हे ठरविणे अवघड आहे.

शुल्क जाते कोठे ?

प्रवेशशुल्काची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते व पुरातत्त्व विभागास अर्थसंकल्पातून स्वतंत्र तरतूद मिळते. वित्तीय शिस्तीच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे. परंतु तीमुळे घारापुरीच्या खिडकीवर जमा झालेला रुपया व घारापुरीच्या धक्क्यावरील गरज यांचा संबंध तुटतो. जागतिक वारसास्थळ म्हणून तीस वर्षे मिरविल्यानंतर, फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलद्वारे या बेटावर कायमस्वरूपी वीज पोहोचली. तोवर जगभरातील पर्यटक शुल्क भरून येत होते आणि सायंकाळी परतत होते. गाव मात्र काही तासांच्या जनित्रावर दिवस काढीत होते.

१८ डिसेंबर २०२४ ची दुर्घटना याहून गंभीर आहे. नौदलाची वेगनौका घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचवर आदळली व १५ जणांचा मृत्यू झाला. टकरीचे कारण शुल्क नव्हते, हे स्पष्टच आहे. परंतु जीवरक्षक जाकिटांची सक्ती, प्रवासीसंख्येवरील नियंत्रण व जलमार्गाची शिस्त यांची चर्चा अपघातानंतरच जोमाने सुरू झाली. प्रवाशाकडून चार ठिकाणी वसुली होते, त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी मात्र चार ठिकाणी विखुरते.

तुलनेसाठी इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांचे उदाहरण घेता येईल. तेथे ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी पर्यटकांचे शुल्क १०० वरून २०० डॉलर झाले. ही वाढ घारापुरीच्या कोणत्याही वाढीपेक्षा मोठी आहे. परंतु १९९८ च्या विशेष कायद्याने या रकमेतील वाटे राष्ट्रीय उद्यान व स्थानिक संस्था यांना नेमून दिले. शुल्क जड असले तरी ते कशासाठी व कोणाला, याचे उत्तर तेथे कायद्यात सापडते.

पेठच्या दृष्टिकोनातून

घाटमाथ्यावरील पेठसारख्या आदिवासीबहुल तालुक्यातून या प्रश्नाकडे पाहण्यास विशेष कारण आहे. आमचे अनेक विद्यार्थी द्राक्षहंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीस जातात व त्याच कमाईतून शिकतात. सहलीचे नाव नोंदविताना ते एकूण खर्च विचारतात आणि तो ऐकून काही जण शांतपणे मागे सरतात. ‘शुल्क वाढूनही पर्यटक घटले नाहीत’ हा युक्तिवाद वारंवार केला जातो. तिकिटांची मोजदाद आलेल्यांची होते. पेठच्या बस स्थानकापर्यंतही न पोहोचलेल्याची नोंद कोणत्याच खिडकीवर नसते.

निष्कर्ष

१. घारापुरीच्या बाबतीत शुल्काची रक्कम हा दुय्यम, तर शुल्कांची विखुरलेली रचना हा मुख्य दोष आहे. लाँच, धक्का, ग्रामपंचायत व लेणी यांचे एकत्रित तिकीट काढल्यास एकूण भार निदान दृश्य होईल.

२. प्रवेशशुल्काशी निगडित ठरावीक अनुदान धक्का, जलसुरक्षा व ग्रामपंचायत यांसाठी अर्थसंकल्पातच नेमून द्यावे.

३. अधिकृत शैक्षणिक सहलीतील पदवी विद्यार्थ्यांना प्रवेशात व लाँचभाड्यातही सवलत असावी. केवळ प्रवेशात दिलेली सवलत बेटाच्या बाबतीत अपुरी ठरते.

४. करवर्गीकरणात चैनीची नौका व क्रीडा-प्रशिक्षणाची लहान नौका यांत भेद करावा.

वारसा सर्वांचा आहे, असे शासन म्हणते. तो सर्वांचा असेल तर त्याच्या शुल्काचा हिशेबही बेटावर राहणाऱ्याला आणि बेटापर्यंत पोहोचू न शकणाऱ्याला समजेल असा मांडला गेला पाहिजे.