रॉकच्या वाद्यमेळात 'पवित्र'

दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या रॉक वाद्यवृंदाचा 'कंदिसा' (2000) हा गीतसंग्रह आम्ही धर्मग्रामातील तरुणांच्या आग्रहावरून ऐकला. शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन प्रार्थना. देवाला त्रिवार 'पवित्र' म्हणून दयेची याचना करणारी. उत्तम शुक्रवारच्या क्रूसवंदनेतही ती आढळते. गिटार-तबल्याच्या साथीने तिची विटंबना होईल, ही आमची भीती फोल ठरली. गायन संयत आहे. 'माँ रेवा' हे नर्मदाखोऱ्यातील लोकगीत राळेगणसिद्धीने पाण्यासाठी गाळलेला घाम जाणणाऱ्या आम्हांला विशेष भिडले. उणीव एकच : 'कंदिसा'चा अर्थ ऐकणाऱ्याला उलगडत नाही, नाद उरतो, याचना हरवते. म्हणून वेदीसमोर नव्हे, घरी हे गीत अवश्य ऐकावे. अर्थ मात्र मुलांना आईवडिलांनीच सांगावा.