पाहुण्याचे कडवे, यजमानाचे घर

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या वसतिगृहातली वीज गेली आणि पोरे व्हरांड्यात येऊन बसली. त्यांना खोल्यांत पिटाळावे म्हणून मी गेलो आणि त्यांचा वाद ऐकत तिथेच उभा राहिलो. वाद परीक्षेचा नव्हता, निवडणुकीचाही नव्हता. 'रेनगेड' या अमेरिकन रॅप गाण्यात जे-झी हरला की नाही, यावरून चार पोरे हमरीतुमरीवर आली होती. गाणे २००१ सालचे. त्या चौघांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. अमेरिकेतले चाहते हाच वाद वीस वर्षांहून अधिक काळ घालत आहेत आणि निकाल अजून लागलेला नाही.

मराठीच्या अध्यापकाने यावर लिहावे काय? मला वाटते, लिहावे. शोषितांच्या कलेचे माप कोणी घ्यावयाचे आणि कोणत्या पट्टीने घ्यावयाचे, हा आपला जुनाच प्रश्न आहे. तो त्या रात्री मला आपल्या परिसंवादांतून ऐकू येतो त्यापेक्षा अधिक निर्भीडपणे ऐकू आला.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून घेतले, हे वाचकांना सांगावयास नको. त्याच्या पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील एका इमारतीत कूल हर्क या तरुणाने घरगुती समारंभात तबकड्या वाजविल्या. हिप-हॉपचा जन्म तिथे झाला असे मानतात. या कलेत एक प्रथा पुढे रुजली. एकाच्या गाण्यात दुसऱ्याने पाहुणा म्हणून यावयाचे आणि आपले कडवे म्हणून जावयाचे. बहुधा सोळा ओळींचे. पोरे त्याला 'फीचर' म्हणतात. यात धंदा आहेच. ओळखीचे नाव तबकडीवर असले की तबकडी खपते. पण श्रोत्यांना त्या व्यवहारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस असतो. पाहुणा येऊन भाव खाऊन गेला, की यजमानाने आपले घर राखले?

ही भूक मला परकी वाटली नाही. माझ्या लहानपणी वस्तीत जयंतीला कव्वालीचा सामना होई. दोन पार्ट्या समोरासमोर बसत, रात्रभर सवाल-जवाब चाले, आणि सकाळी नळावर बायका हंडे लावून निकाल देत. कोणी सूर सोडला, कोणी जवाब टाळला, कोणी बाबासाहेबांचे नाव घेऊन नुसत्या टाळ्या मिळविल्या, सगळ्याचा हिशेब तिथे होई. त्या बायकांना कोणी समीक्षक म्हटले नाही.

आता 'रेनगेड'कडे येतो. जे-झी हा ब्रुकलीनच्या मार्सी या सरकारी वसाहतीत वाढलेला काळा गायक. त्याचा 'द ब्लूप्रिंट' हा अल्बम ११ सप्टेंबर २००१ रोजी निघाला. त्यात पाहुणा म्हणून एमिनेम आला. डेट्रॉईटच्या गरिबीत वाढलेला, पण गोरा. त्याने यमकांची अशी घट्ट वीण घातली की एका ओळीत चार-चार ठिकाणी ध्वनी एकमेकांवर आपटतात. काही महिन्यांतच नास या जे-झीच्या प्रतिस्पर्ध्याने 'ईथर' या गाण्यात त्याला डिवचले, की तुझ्याच गाण्यात पाहुण्याने तुला मारले. तेव्हापासून तो निकाल लोकांच्या तोंडी बसला. गोऱ्याच्या बाजूने दिलेला हा निकाल एका काळ्या कवीनेच गाजविला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मला या निकालातली निष्ठुरता आवडते. जे-झी मार्सीत वाढला, त्याने सोसले, म्हणून त्याला वरचे गुण द्या, असे कोणी म्हणत नाही. यमक ढिले पडले तर पडले, श्वास तुटला तर तुटला. आपल्याकडे काय झाले? प्रस्थापित समीक्षेने दलित लेखकाला दोन शब्द दिले, 'दाहक' आणि 'प्रामाणिक', आणि दार लावून घेतले. अनुभव तुमचा, कला आमची, अशी ती वाटणी होती. आपणही कधी कधी ती मान्य केली. एखादे आत्मकथन वेदनेने भरलेले आहे म्हणून त्याच्या सैल वाक्यांबद्दल आपण बोलत नाही, आणि बोलणाऱ्याला शत्रू ठरवितो. ही समीक्षेतली सवलत आहे आणि ती आपल्याला लहान करते. रॅपच्या श्रोत्यांनी अशी सवलत कधी दिली नाही. १९८८ साली दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या 'द सोर्स' या पत्राने अल्बमना पाचपैकी माईक देण्याची पद्धत पाडली. कोणाला पाच मिळाले आणि कोणाचे हुकले, यावरून भांडणे झाली. पुलित्झर समितीला केंड्रिक लामारच्या 'डॅम' या अल्बमला पारितोषिक द्यावयास २०१८ साल उजाडावे लागले. तोवर ही माणसे आपल्या पट्टीने तीस वर्षे मापे घेत होती.

इथपर्यंत मी पोरांच्या बाजूचा आहे. पुढे नाही.

'रेनगेड'मध्ये जे-झी काय म्हणतो आहे, हे त्या रात्री कोणीच बोलले नाही. तो बोलतो रिकाम्या खिशांविषयी, निघून गेलेल्या बापाविषयी, वस्तीत हकनाक गेलेल्या जिवांविषयी. शिवाय तो आपले माप घेणाऱ्यांनाच विचारतो की तुम्ही ऐकता, की नुसते वरवर चाळता? म्हणजे जो श्रोता यमके मोजून त्याला हरलेला ठरवितो, त्यालाच उद्देशून ते कडवे आहे. एमिनेमही आपल्यावरील आक्षेपांना उत्तर देतो. पोरांची डोकी बिघडविल्याचा आळ त्याच्यावर आहे आणि तो आळ तो उलटवितो. कारागिरीत तो सरस आहे, हे मी मान्य करतो. पण एकाला त्याच्या शब्दांबद्दल दोषी धरले जाते आणि दुसऱ्याला त्याच्या सबंध जगण्याबद्दल. हा फरक यमकांच्या मोजणीत येत नाही.

आणखी एक गोष्ट. ते गाणे मुळात जे-झीचे नव्हतेच. एमिनेमने ते आधी रॉईस द फाईव्ह नाईन या डेट्रॉईटच्याच काळ्या गायकाबरोबर केले होते. संगीत एमिनेमचे होते. रॉईसच्या जागी जे-झी आला आणि गाणे जे-झीच्या अल्बमवर गेले. तेव्हा यजमान कोण आणि पाहुणा कोण? घराचा मालक कोण हे न पाहताच आपण कुस्तीचा निकाल देत होतो. ज्याची जागा गेली त्या रॉईसचे नाव त्या व्हरांड्यात कोणी काढले नाही.

पाहुण्याच्या कडव्याचे दुसरे रूप मला 'इलमॅटिक'मध्ये दिसते. नास क्वीन्सब्रिज या अफाट सरकारी वसाहतीतला. १९ एप्रिल १९९४ रोजी हा अल्बम आला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तो स्वतः १९९१ साली मेन सोर्स या गटाच्या गाण्यात पाहुणा म्हणूनच लोकांपुढे आला होता. 'इलमॅटिक' चाळीस मिनिटांचाही नाही, आणि त्यात रॅप म्हणणारा पाहुणा एकच. एझी नावाचा, तोवर कोणाला माहीत नसलेला तरुण. तिसऱ्या क्रमांकाच्या त्या गाण्यात नासने त्याला पहिले कडवे दिले आणि आपण मागून आला. एझी बोलतो मरण डोळ्यांपुढे असलेल्या तरुणांचे, नास बोलतो विशी गाठल्याचे. शेवटी नासचे वडील ओलू दारा आपले वाद्य फुंकतात. एझी जिंकला काय? हा प्रश्न तिथे लावताच येत नाही. एकाने घाबरून सोडलेले वाक्य दुसऱ्याने उचलावे, तसे ते आहे. त्या एका कडव्यावर एझीला स्वतःचा अल्बम काढता आला, हा हिशेबही जमेस धरावा. 'द सोर्स'मध्ये 'इलमॅटिक'ला पाच माईक देणारे परीक्षण मिन्या ओह या तरुणीचे होते, हे सांगितल्यावर पोरांना नवल वाटले. मला त्यांच्या नवलाचे नवल वाटले.

कारण बाईच्या बाबतीत ही पट्टी अर्धीच न्यायी आहे. २०१० च्या 'मॉन्स्टर'मध्ये कान्ये वेस्ट, जे-झी, रिक रॉस अशा पुरुषांच्या रांगेत निकी मिनाज आली. तेव्हा तिचा पहिला अल्बमही निघालेला नव्हता. तिने गाणे उचलले, हे चाहते बिनदिक्कत मान्य करतात. मात्र सर्वोत्तम अल्बमांची यादी करावयास बसले की मी ऐकलेल्या याद्यांत लॉरिन हिलचा १९९८ चा अल्बम सोडला तर बाईचे नाव येत नाही. म्हणजे पाहुणी म्हणून तिचे कौतुक, पण घर तिच्या नावावर नको.

मी त्या पोरांना रॅप्सडीचे कडवे ऐकावयास सांगितले. ती उत्तर कॅरोलिनाची. केंड्रिकच्या २०१५ च्या 'टू पिंप अ बटरफ्लाय' या अल्बमात कातडीच्या रंगावर एक गाणे आहे, त्यात ती येते. काळ्यांच्या आतही उजळ आणि सावळा अशी उतरंड आहे आणि तिचा जाच मुलींना अधिक होतो, हे त्या पुरुषाच्या गाण्यात बाईने येऊन सांगावे लागते. ती अवघड यमके जुळवीत नाही असे नाही. पण तिचे कडवे आले की आधीच्या ओळींचा अर्थ बदलतो, आणि माझ्या लेखी पाहुण्याने करावयाचे काम ते आहे. पुढे २०१९ मध्ये तिने 'ईव्ह' काढला. त्यातल्या गाण्यांना काळ्या स्त्रियांची नावे आहेत. ते तिचे स्वतःचे घर.

एमिनेमची बाजू लढविणारा पोरगा दुसऱ्या संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, ऐकलं. बाई खरं बोलते. पण केंड्रिकपेक्षा वरचढ नाही." मी म्हटले, वरचढ कशात? तो म्हणाला, यमकात. मी म्हटले, पुन्हा ऐक, तिसऱ्या-चौथ्या ओळीपाशी श्वास कुठे घेते ते बघ. त्याने तिथेच मोबाईल काढला, आणि मेसची घंटा होऊन गेली तरी आम्ही दोघे जिन्यावर भांडत होतो.