केबिनमधला कॅमेरा काय पाहत नाही

एकलहऱ्यात बोलायचे म्हणजे राखेपासूनच सुरुवात करायला हवी. इथल्या वीज केंद्रात कोळसा रेल्वेने येतो आणि त्याची राख बल्करमध्ये भरून रस्त्याने जाते, सिमेंटला, विटांना, काँक्रीटला. हे आपण रोज पाहतो, त्यामुळे त्यात पाहण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. पण कोळसा आणणारा माणूस आणि राख नेणारा माणूस, या दोघांना शेजारी उभे करून बघा. कोळशाच्या गाडीचा लोको पायलट सही करून ड्युटीवर चढतो, सही करून उतरतो. मुक्कामाच्या ठिकाणी त्याला रनिंग रूम असते, तिथे खाट असते, जेवण असते. त्याच्या इंजिनातही लक्ष ठेवणारे यंत्र असते. काही काळ त्याच्या हाताची हालचाल झाली नाही तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, मग ब्रेक लागतो. लोको पायलटांच्या तासांबद्दल तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत, पण निदान तक्रार करायला तासांची नोंद आहे. राख नेणाऱ्याची अशी नोंद कुठेच नाही. त्याची खाट म्हणजे सीटमागची फळी. गेल्या काही वर्षांत त्याच्या केबिनमध्ये एक नवी वस्तू आली आहे, तिच्याविषयी आज बोलायचे आहे.

काचेच्या आतल्या बाजूला चिकटवलेली छोटी डबी. तिला दोन डोळे, एक रस्त्याकडे, एक ड्रायव्हरकडे. आतला डोळा पापण्या किती वेळ मिटल्या ते मोजतो, मान कलली का, जांभई आली का, हातात फोन आहे का, हे पाहतो. शंका आली की टींटीं वाजते आणि त्या काही सेकंदांची चित्रफीत मालकाच्या कार्यालयात जाते. दिवसअखेर ड्रायव्हरला गुण मिळतात. आम्ही आयुष्यभर पेपर तपासले, त्यामुळे गुण या शब्दाविषयी आमच्या मनात कायमच संशय आहे, तो तुम्ही गृहीत धरा.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा या धंद्यात नवा आहे. वय तेवीस. तो आणि त्याचा मालक, दोघांची नावे आम्ही सांगणार नाही. पहिल्या महिन्यात त्याचे गुण कापले गेले, कारण रस्त्याकडेच्या देवळासमोरून जाताना त्याने स्टिअरिंगवरचा एक हात काढून छातीला लावला. यंत्राने लिहिले, लक्ष विचलित. हे ऐकून आम्ही हसलो, तोही हसला. दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. पहाटे तीनच्या सुमाराला डबी दोनदा वाजली. झोप येतेय हे त्याला कळत होतेच, म्हणून त्याने एका ढाब्यावर गाडी बाजूला घेतली. दहा मिनिटांत फोन. "गाडी का उभी केली?" कॅमेऱ्याचा इशारा आणि जीपीएसचा ठिपका एकाच कार्यालयात पोचत होते. एक यंत्र म्हणते तू झोपेत आहेस, दुसरे विचारते थांबलास का. मुलगा म्हणाला, "सर, मग मी तोंडावर पाणी मारलं आणि निघालो."

आमचे आजचे सगळे बोलणे या एका वाक्याभोवती आहे.

आपल्या भाषेत फार सोयीची विभागणी आहे. लक्ष देणे, लक्ष ठेवणे, नजर ठेवणे, पाळत ठेवणे. तापलेल्या मुलाच्या उशाशी बसलेली आई लक्ष ठेवते. मुकादम नजर ठेवतो. पोलीस पाळत ठेवतात. या तिघांचीही दृष्टी तितकीच तीक्ष्ण असेल, फरक दृष्टीत नाही. आईला काही दिसले तर पुढची कृती तिलाच करावी लागते, रात्र तिचीच जाते. मुकादमाला काही दिसले तर कृती दुसऱ्याच्या अंगावर येते. तेव्हा केबिनमधल्या डोळ्याला विचारायचा प्रश्न हाच, की तुला झोप दिसली, तर भुर्दंड कोणाला? ढाब्यावर चार तास झोपल्याने माल उशिरा पोचला, तर तो उशीर कोणाच्या खात्यावर?

तत्त्वज्ञानाचा माणूस बोलतोय म्हटल्यावर बेंथॅम आणि फूको येणार हे तुम्ही ओळखले असेल. येऊ द्या, पण थोडी दुरुस्ती करून. १९७५ च्या फूकोच्या पुस्तकामुळे बेंथॅमची ती गोल इमारत, मधोमध टेहळणीचा मनोरा असलेली, आपल्या डोक्यात तुरुंग म्हणूनच बसली आहे. आम्हीही वर्गात तशीच शिकवली. खरे तर मूळ कल्पना जेरेमीचा भाऊ सॅम्युअल याची. रशियातल्या क्रिचेव्ह इथे १७८० च्या दशकात तो एका जहागिरीवरचे कारखाने पाहत होता आणि त्याला थोड्या देखरेखीत पुष्कळ कामगार आटोक्यात ठेवायचे होते. म्हणजे आधी कामगार, मग कैदी. केबिनमध्ये कॅमेरा आला की लोक म्हणतात, "अहो, तुरुंगच केला की!" आम्हाला वाटते हे उलटे आहे. ही कल्पना तिच्या जन्मस्थानी परत आली आहे.

आता कायद्याकडे येऊ. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी दोन गोष्टी एकत्र सुचवल्या होत्या. विमानाच्या वैमानिकांसारखे ट्रकचालकांचे तास ठरलेले असावेत आणि वाहनात झोप ओळखणारी यंत्रणा असावी. दोन्ही सूचना चांगल्या. यातली यंत्रणा पुढे सरकली. २०२५ च्या मसुद्यात मोठ्या बस आणि ट्रकना चालकाच्या झोपेची सूचना देणारी व्यवस्था सुचवली गेली. केबिन वातानुकूलित करण्याचा नियमही झाला, ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकसाठी, आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मे महिन्यात मालेगावच्या रस्त्यावर ज्याने बॉनेटची धग सोसली आहे त्याला त्याची किंमत विचारा. मग तासांचे काय झाले? गंमत अशी, की तासांचा कायदा होताच. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांब पल्ल्याला काही अटींवर दहा आणि चोपन्न. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ याच तासांकडे बोट दाखवते. म्हणजे साठ वर्षे कागदावर नियम आहे आणि तो मोजायला एकही यंत्र आपण मागितले नाही. पापणी मोजायचे यंत्र मात्र लगेच सापडले.

या कायद्याला दोन भोके होती. पहिले सर्वांना माहीत आहे. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थेलाच तो लागू होता, आणि आपल्याकडे एक-दोन-तीन गाड्यांचे मालक उदंड. दुसरे भोक आम्हाला मूळ कलम वाचताना दिसले आणि आम्ही थबकलो. कामाचे तास म्हणजे काय, तर कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ. सुंदर व्याख्या! पण पुढे येते, की टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर तो यात धरावा. मग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त असला तर? बस डेपोतल्या दोन फेऱ्यांमधली विश्रांती डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले असावे असा आमचा अंदाज. ट्रकवाल्याला ते लावून बघा. कारखान्याच्या दारात माल उतरवायला चौदा तास रांगेत बसलेला माणूस, दर वीस मिनिटांनी गाडी एक लांबी पुढे घेणारा, या वाचनाने विश्रांती घेत असतो! १९६१ च्या या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२० च्या संहितेने घेतली. तिच्या नियमांत हा प्रतीक्षेचा प्रश्न नीट सुटतो का, हे संघटनांनी भिंग घेऊन पाहावे.

कॅमेऱ्यातही हेच भोक आहे, योगायोगाने म्हणा किंवा वारशाने. आमच्या मुलाच्या गाडीतली डबी इग्निशन चालू झाल्यावर जागी होते. रांगेत इंजिन बंद, डबीही झोपलेली. चौदा तासांनी गाडी मोकळी होते, संध्याकाळी परतीचा माल भरतो, रात्री दहाला इंजिन सुरू होते आणि यंत्राच्या लेखी ड्रायव्हर नुकताच ताजातवाना कामावर आलेला असतो. पहाटे तीनला त्याची पापणी जड झाली, की नोंद होते पाच तासांच्या ड्रायव्हरची. त्याच्या एकोणीसहून अधिक तासांच्या दिवसाची होत नाही.

अमेरिकेत कॅरन लेव्ही या अभ्यासक बाईंनी ट्रकचालकांमध्ये वर्षानुवर्षे फिरून 'डेटा ड्रिव्हन' नावाचे पुस्तक लिहिले, २०२२ मध्ये. तिथे तासांची कागदी वही होती, ड्रायव्हर ती सर्रास खोटी लिहीत. डिसेंबर २०१७ पासून यंत्राची नोंद सक्तीची झाली. लेव्हींचे म्हणणे थोडक्यात असे, की वही खोटी लिहायला लावणारे कारण मैलावर मिळणारी मजुरी आणि फुकटची प्रतीक्षा हे होते, आणि यंत्राने त्याला हात लावला नाही. नंतरच्या अभ्यासांत दिसले की तासांचे उल्लंघन कमी झाले, अपघात मात्र कमी झाले नाहीत, आणि छोट्या मालकांच्या गाड्यांचे वेगाचे गुन्हे वाढले. रांगेत गेलेला वेळ रस्त्यावर वसूल होऊ लागला. पुस्तक फार चांगले आहे. पण आपल्याकडे ते जसेच्या तसे लावू नये. त्यांच्याकडे आधी वही होती, मग यंत्र आले. आपण वहीशिवायच यंत्र आणले. त्यामुळे यंत्राने कोणता नियम पाळला जातो हे तपासायचे, हेच ठरलेले नाही. उरते ती फक्त ड्रायव्हरची चूक.

आणि ती चूक कोणाच्या उपयोगी पडते? वैयक्तिक विदेविषयीचा २०२३ चा कायदा पाहा. संमतीशिवाय माहिती वापरता येण्याच्या ज्या वाटा कलम ७ मध्ये आहेत, त्यात नोकरीचे प्रयोजन आणि मालकाला नुकसान किंवा जबाबदारीपासून वाचवणे हेही आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, आपण पेढे वाटले. पण जो कामाच्या जागीच झोपतो, जेवतो, लुंगीवर बसून बायकोशी व्हिडिओ कॉलवर बोलतो, त्याची खासगी जागा कुठून सुरू होते हे कोणी सांगितले नाही. मुलगा रात्री लेन्सवर टोपी अडकवायचा. मग कळले की लेन्स झाकणे हीसुद्धा एक नोंद आहे.

इथे आम्हाला अडवणारा एक प्रश्न आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट तुम्हाला आठवते. इथून जवळच, मिरची चौकात, यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस ट्रकला धडकून पेटली, १२ माणसे गेली. चौकाची रचना, वेग, अतिक्रमणे यांवर तेव्हा खूप बोलले गेले. तरी आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न होता, डुलकी लागली होती का? ज्यांची माणसे अशा अपघातात जातात त्यांच्यासमोर उभे राहून आम्ही म्हणू शकतो का, की ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे पाहू नका? नाही म्हणू शकत. टींटीं वाजल्याने एक जरी माणूस वाचत असेल तर ती वाजू दे. आमची हरकत इशाऱ्याला नाही. इशारा ऐकून थांबण्याचा हक्क ड्रायव्हरला नाही, याला आहे. आणि तो इशारा केबिनमध्ये न विरता पुरावा म्हणून साठवला जातो, याला आहे.

ड्रायव्हरही कॅमेऱ्याच्या सरसकट विरोधात नाहीत, बरं का. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला पानेवाडीच्या इंधन डेपोंवर टँकर उभे राहिले, पंपांवर रांगा लागल्या, ते नव्या न्यायसंहितेतल्या दहा वर्षांच्या शिक्षेच्या भीतीने. अपघातानंतर थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षे, असे ते सांगत होते. रस्त्याकडे पाहणारा डोळा अशा माणसाचा साक्षीदार असतो. मुलगाही म्हणाला, "बाहेरचा कॅमेरा राहू दे सर, तो माझ्या बाजूचा आहे." एकाच डबीचे दोन डोळे, एक आपला, एक परका. ही वर्गवारी आम्हाला कुठल्या ग्रंथात सापडली नव्हती.

पूर्वी नवा ड्रायव्हर एकटा नसायचा. तीन-चार वर्षे क्लीनर म्हणून उस्तादाच्या हाताखाली जायची. आम्ही त्या काळाचे गोडवे गाणार नाही, क्लीनर शिव्या खायचा, मारही खायचा, पगाराच्या नावाने आनंद. पण कसारा घाटात चाकामागे दगड लावणारा, उस्तादाची मान डुलली की "उस्ताद, चहा घेऊ" म्हणणारा तो दुसरा माणूस होता. त्या चहाच्या वाक्यात इशाराही होता आणि थांबायचा निर्णयही. भाड्यात परवडेना म्हणून क्लीनर गेला, त्याची सीट रिकामी झाली. काम शिकवणाराही त्याच्याबरोबर गेला. कॅमेऱ्याने त्यातला फक्त डोळा परत आणला. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये बाराशेहून अधिक ट्रकचालकांशी बोलून अहवाल केला, त्यात ८४ टक्क्यांनी सांगितले की आपल्या घरच्या कोणाला या कामात या असे आम्ही म्हणणार नाही. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या मालकांनी हा आकडा त्या गुणांच्या तक्त्याशेजारी लावावा.

शेवटी एक कागद दाखवतो. मुलाने येताना तीन पावत्या आणून दिल्या, गेल्या महिन्यातल्या एकाच फेरीच्या. पहिली, कारखान्याच्या दारातल्या टोकनची. दुसरी, भरल्या गाडीच्या वजनकाट्याची. तिसरी, रिकाम्या गाडीच्या वजनकाट्याची. तिन्हींवर तारीख आणि वेळ छापलेली आहे. कॅमेरा नाही, अल्गोरिदम नाही, उपग्रह नाही. टोकन सकाळी ५.१०. भरला काटा संध्याकाळी ५.४०. रिकामा काटा ७.०५. या चिठ्ठ्या कारखान्याच्या दप्तरात असतात, मालकाच्या फायलीत बिलासाठी जोडलेल्या असतात. सगळ्यांकडे आहेत. आम्ही मुलाला विचारले, तुझ्या गुणांचा हिशेब करताना या कोणी पाहिल्या का? तो म्हणाला, "सर, वजन बरोबर आहे का तेवढं बघतात."

तुमच्यापैकी काही जण वीज केंद्रात होते, काहींच्या घरात गाड्या आहेत. प्रश्नोत्तरांत तुम्ही बोला, आम्ही ऐकतो. पावत्या इथे टेबलावर ठेवल्या आहेत.