फॉरवर्ड झालेल्या ओव्यांमागचा पाद्री

दरवर्षी २७ फेब्रुवारीला सकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी त्या ओव्या टाकतंच. मराठीचं भरभरून कौतुक, खाली 'फादर स्टीफन्स' हे नाव. परक्या माणसाला आपली भाषा एवढी आवडली, मग आपल्यालाच लाज का, असा एकूण सूर. मीही अंगठा देऊन पुढे जायचो. एका वर्षी 'क्रिस्तपुराण' वाचायला घेतलं आणि तो अंगठा पूर्वीइतका सहज उठेना.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला आणि १६१९मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. १६१६मध्ये साष्टीतल्या राशोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, दोन भाग : आधी जुना करार, मग येशूचं चरित्र. मराठी पुस्तक, पण रोमन लिपीत.

पुराणच का लिहिलं, याचं उत्तर पुस्तकातच आहे. बाटलेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो, आमची आधीची पुराणं सुटली, आता मराठीत दुसरं काही द्या. मला हा पुस्तकातला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग वाटतो. कारण ती पुराणं आपोआप सुटली नव्हती. स्टीफन्स यायच्या बाराएक वर्षं आधी साष्टीतली देवळं पाडली गेली होती. १५८३मध्ये कुंकळ्ळीत लोकांनी पाच जेझुइटांना ठार केलं, त्याचा सूड पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना मारून घेतला. ज्या व्यवस्थेनं पुराण हिरावलं, तिच्यातलाच एकजण नवं पुराण हातात ठेवतो.

मग हे प्रेम की डावपेच? मला वाटतं, दोन्ही. लोकांना कोंकणीत धर्म शिकवायला त्यानं प्रश्नोत्तरांचं गद्य पुस्तक वेगळं लिहिलंच होतं. पुराणासाठी मात्र त्यानं मराठी आणि ओवी निवडली, कारण इथल्या कानांना पुराण त्याच चालीत ओळखीचं होतं. ओवीत तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथा आखूड चरण श्वास घेऊ देतो. म्हणून लांबलचक गोष्ट ऐकताना माणूस दमत नाही. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, तारणाला मोक्ष. हा हिशेब आहेच. पण कामापुरती भाषा शिकलेला माणूस शेदोनशे ओव्यांत आटोपतो, अकरा हजार लिहीत नाही.

कमतरताही सांगतो. प्रश्न विचारणाऱ्याला गुरूचं उत्तर शेवटी पटतंच. त्याला खरोखर भांडू दिलं असतं, तर हे काव्य आणखी मोठं झालं असतं. तिथे पाद्री कवीचा हात धरतो.

तरी पुढची गोष्ट पुस्तकाच्या बाजूनं बोलते. सतराव्या शतकात ते तीनदा छापलं गेलं, पण त्या छापील प्रती आज सापडत नाहीत. टिकली ती लोकांनी हातानं उतरवलेली बाडं. त्यांच्यावरून १९०७मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती निघाली. सत्तेनं लादलेलं पुस्तक कुणी पिढ्यान्‌पिढ्या हातानं उतरवत बसत नाही. कधीतरी ते त्यांचं स्वतःचं झालं.

म्हणूनच मला २०२० आठवतं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा 'पाद्री कसा चालेल?' म्हणून विरोध झाला. दिब्रिटोंची मराठी कुठून शिकून आलेली नव्हती, ती घरची होती. 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला होता. वसईच्या हिरवाईसाठी ते रस्त्यावर उतरले होते.

चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज पाद्र्याच्या ओव्या आपण अभिमानानं फॉरवर्ड करतो आणि शेजारच्या मराठी पाद्र्याला दाखला मागतो. परक्यानं केलेली स्तुती आपल्याला हवी असते. मात्र भाषेवर हक्क सांगणारा, आपल्यातलाच, वेगळ्या धर्माचा माणूस अडचणीचा वाटतो. पुढच्या २७ फेब्रुवारीला त्या ओव्या आल्या, तर अंगठ्याआधी मी ग्रुपवर एवढंच लिहिणार आहे : पुढचंही वाचा.