‘आयडल’ दिसला म्हणजे मिळालाच असं नाही : सिन्फोचं मॅन्युअल एजंटच्या नजरेतून

संशोधनाला लागलात की कधी ना कधी क्लस्टरवर लॉगिन करायची वेळ येतेच. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या यंत्रणांवर कामांची रांग ‘स्लर्म’ हे सॉफ्टवेअर सांभाळतं. कोणता नोड, म्हणजे कोणता सर्व्हर, सध्या कोणत्या अवस्थेत आहे याची यादी देणारी त्याची आज्ञा म्हणजे ‘सिन्फो’. आता ही आज्ञा आपल्या वतीने एआय एजंटही चालवू लागलेत. मग सिन्फोचं मॅन्युअल त्यांना पुरेल का? माझं मत असं, की माहिती जवळपास सगळी आहे; पण एजंटला ती हवी तिथे मिळत नाही.

आधी एजंट साधन कसं निवडतो ते बघू. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक साधनाला एक नाव, एक वर्णन आणि इनपुटची रचना असते. मॉडेलसमोर येतं ते एवढंच. त्यामुळे मॅन्युअलची पहिली ओळ, ‘नोड आणि पार्टिशनची माहिती दाखवते’, उचलून वर्णनात चिकटवली, तर खालची सगळी शहाणपणाची पानं बाहेरच राहतात.

त्या पानांत काय आहे बघा. सिन्फोच्या एकाच तक्त्यात चांदणीचे (*) दोन अर्थ आहेत. पार्टिशनच्या नावापुढे असेल तर ते डिफॉल्ट पार्टिशन. नोडच्या अवस्थेपुढे असेल तर तो नोड प्रतिसादच देत नाही. तुम्ही-आम्ही हे कुणा सीनियरकडून शिकतो. एजंटला सीनियर नाही. त्याच्या लेखी ‘आयडल’ आणि चांदणीवाला ‘आयडल’ सारखेच ठरू शकतात.

दुसरी गोष्ट, ‘आयडल’ नोड तुम्हाला मिळेलच असं नाही. ते पार्टिशन तुमच्या अकाउंटला बंद असू शकतं. उलट ‘मिक्स’ अवस्थेतल्या नोडवर काही सीपीयू व्यस्त, काही मोकळे असतात. फक्त ‘आयडल’ शोधणारा एजंट तुमचं छोटं काम उगाच ताटकळत ठेवेल. आणि नोडवर जीपीयू आहेत का, हे नेहमीच्या तक्त्यात दिसतच नाही. ते वेगळं मागावं लागतं.

तिसरी गोष्ट जास्त फसवी. लपवलेली किंवा तुमच्या गटाला न मिळणारी पार्टिशन्स सिन्फो एरवी दाखवत नाही. त्यासाठी ‘ऑल’ हा पर्याय द्यावा लागतो. ‘मला दिसलं नाही’ आणि ‘नाहीच’ यांतला फरक वर्णनात लिहिला नाही, तर एजंट बिनधास्त सांगेल की क्लस्टरवर असं पार्टिशनच नाही.

सगळ्यात महत्त्वाची सूचना मॅन्युअलमध्ये पर्याय आणि अवस्थांची लांबलचक यादी संपल्यावर येते. सिन्फो दर वेळी मुख्य नियंत्रक प्रोग्रामला विनंती पाठवते. अशा विनंत्यांचा मारा झाला तर तो मंदावतो, ठप्पही होऊ शकतो. म्हणून ती लूपमध्ये चालवू नका. आता ‘नोड मोकळा झाला की काम टाक’ असं सांगितलेला एजंट काय करेल? दर काही सेकंदांनी विचारत बसेल. असे दहा एजंट असले तर त्रास तुमच्या एकट्याच्या कामाला नाही, अख्ख्या संस्थेच्या रांगेला होतो.

‘मग जेसन आउटपुट घ्या की!’ असं कुणी म्हणेल. नव्या आवृत्त्यांत ती सोय आहे आणि ती जरूर वापरा. खुणांचा घोळ त्याने बराच कमी होतो. पण जेसनने रचना मिळते, अर्थ आणि शिस्त मिळत नाही. ती वर्णनातच लिहावी लागते. मी साधारण असं लिहीन :

‘या क्लस्टरचे नोड, पार्टिशन आणि त्यांची या क्षणाची अवस्था देतं. फक्त वाचतं, काही बदलत नाही. अवस्थेपुढे चांदणी असलेला नोड प्रतिसाद देत नाही, तो मोजू नका. मिक्स नोडवर काही सीपीयू मोकळे असतात. यादीत न दिसलेलं पार्टिशन नाहीच असं समजू नका. काम कधी सुरू होईल हे यावरून ठरवू नका. त्यासाठी एसबॅचचा टेस्ट-ओन्ली पर्याय वापरा. लूपमध्ये चालवू नका. काम रांगेत टाका, स्लर्म ते वेळ आली की सुरू करेल.’

वर्णन लांबलं, मॉडेलची थोडी जागा खाल्ली, हे खरं. पण यातलं एकेक वाक्य एकेक चुकीचा निर्णय अडवतं. जे वाक्य काहीच अडवत नाही ते खुशाल काढा.

स्लर्मच्या लेखकांना दोष द्यायचा नाही. त्यांचं मॅन्युअल प्रामाणिक आहे, प्रत्येक अवस्थेची व्याख्या देतं. ते लिहिलं गेलं शंका आल्यावर पान उघडणाऱ्या माणसासाठी. एजंटला शंका येण्याची खात्री नाही. म्हणून उद्या तुमच्या लॅबसाठी असं साधन लिहाल तेव्हा ‘हे काय करतं’ याच्या सोबत ‘याच्या उत्तरावरून काय ठरवू नये’ हेही लिहा. मग ते वर्णन क्लस्टर कधीच न वापरलेल्या मित्राला द्या आणि खरा तक्ता समोर ठेवून विचारा, ‘काम कुठे टाकशील?’ तो जिथे अडेल किंवा चुकेल, तिथे तुमचं पुढचं वाक्य लिहायचं आहे.