मूळ संहिता आणि मराठी शब्द : पंडिता रमाबाईंच्या बायबल-भाषांतराचा पुनर्विचार

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. स्त्रीशिक्षण, १८८९ मध्ये स्थापन झालेले शारदा सदन, धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादळ या विषयांभोवती ते प्रामुख्याने फिरते. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे, मुक्ती मिशनमध्ये, आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी ज्या कार्याला वाहिली त्या बायबलच्या भाषांतराची दखल मात्र चरित्रग्रंथांतून बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपते. या कार्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषा उतारवयात आत्मसात केल्या, मुद्रणाची सर्व कामे आश्रमातील स्त्रियांना शिकवली आणि अखेरपर्यंत मुद्रिते तपासली. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. प्राचीन यहुदी आणि आद्य ख्रिस्ती संहितांशी मूळ भाषांतून भिडणारा एका मराठी व्यक्तीचा एवढा मोठा उपक्रम मराठी समीक्षेने धार्मिक वाङ्मयाच्या कप्प्यात ठेवून दिला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

प्रचलित मराठी बायबलमधील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रीला कळत नाहीत, आणि कळलेच तर ते वेदान्ताचा अर्थ बरोबर घेऊन येतात, असा रमाबाईंचा दुहेरी आक्षेप होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात संस्कृतचे संस्कार लाभलेल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांकडून ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळालेल्या विदुषीने संस्कृत शब्दांवर कात्री चालवावी, यातील विरोधाभास वरवरचा आहे. ज्याला शब्दाचा इतिहास ठाऊक असतो त्यालाच त्याचे ओझे जाणवते. (याच १८७८ मध्ये जर्मनीत वेलहाउझेनचा इस्रायलच्या इतिहासावरील ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला आणि पंचग्रंथाच्या रचनेविषयीच्या चर्चेला नवे वळण मिळाले. १८८३ मध्ये, रमाबाईंच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी, त्याची दुसरी आवृत्ती निघाली. योगायोगापलीकडे यात काही नाही. रमाबाईंच्या दृष्टीने हा ग्रंथ ईश्वरी वचन होता आणि त्या भूमिकेवरूनच त्यांनी तो भाषांतरित केला.)

रमाबाईंच्या भूमिकेचे वेगळेपण फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’शेजारी ठेवल्यास स्पष्ट होते. १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या काव्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे येतो. श्रोत्याच्या ओळखीचे घर त्याला द्यावे आणि आतील रहिवासी बदलावा, अशी ती रीत आहे. रमाबाईंना हे घरच नको होते. तथापि त्यांचा निकष अर्ध्या वाटेपर्यंतच पोहोचतो. मराठीतील ‘आत्मा’, ‘देव’, ‘पाप’ यांसारखे शब्द संस्कृतच आहेत. ते वगळून बायबल लिहिता येत नाही. शब्दशः भाषांतराकडे असलेला त्यांचा कल वाक्यरचनेलाही मूळ भाषेच्या वळणावर नेतो आणि सामान्य स्त्रीसाठी योजलेले मराठी जागोजागी अवघड होते. हे भाषांतर प्रचारात रुजले नाही, याचे एक कारण येथे शोधावे लागते.

रमाबाईंच्या आधी या संहितांचे मराठी वाचक आणखी एका घरात होते, ते म्हणजे कोकणातून मुंबई-पुण्यात आलेला बेने इस्रायल समाज. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. हेतू धर्मप्रसाराचा होता, पण शिकलेल्या हिब्रूचा उपयोग समाजाने स्वतःची परंपरा दृढ करण्याकडे केला. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. एकच संहिता मराठीतील दोन समाज वेगळ्या अर्थाने वाचत होते.

हा वेगळेपणा यशयाच्या सातव्या अध्यायातील चौदाव्या वचनात नेमका पाहता येतो. हिब्रूत तेथे ‘अल्मा’ म्हणजे तरुण स्त्री असा शब्द आहे. प्राचीन ग्रीक भाषांतराने तेथे ‘पार्थेनोस’ हा शब्द योजला आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात तोच उद्धृत केला. दुसऱ्या शतकातील यहुदी भाषांतरकार अक्विला याने त्या जागी ‘नेआनिस’, म्हणजे तरुणी, असा बदल केला. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीतही ‘अल्मा’च आहे, म्हणजे वाद हिब्रू पाठाचा नसून भाषांतराचा व अर्थाचा आहे. मराठीत रूढ झालेला ‘कुमारी’ हा शब्द अविवाहित मुलगी व अक्षतयोनी या दोन्ही अर्थांना जागा देतो, त्यामुळे मराठी वाचकाला हा वाद दिसतच नाही. शब्द समर्पक निघाला आणि प्रश्न झाकला गेला.

असे झाकलेले प्रश्न उघडण्याची पद्धत सोलापूरला अपरिचित नाही. येथील जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत ‘तिलोयपण्णत्ती’ १९४३ व १९५१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये व हिरालाल जैन या संपादकांपुढे प्रश्न होता तो हस्तलिखितांचा, पाठभेदांचा व अशुद्ध प्राकृत पाठाच्या दुरुस्तीचा. पुण्यात सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वापरलेली पाठचिकित्सा युरोपात ग्रीक-लॅटिन अभिजात ग्रंथांवर आणि बायबलवर घासून तयार झाली होती. महाभारत आणि जैन आगम यांना ती लावणाऱ्या महाराष्ट्राने मराठी बायबलला ती कधी लावली नाही. श्रद्धावंतांनी चिकित्सा टाळली हे समजण्यासारखे आहे. विद्यापीठीय मराठी विभागांनी ती का टाळावी, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

रमाबाईंच्या वादाला संस्कृत व देशी असे दोनच पक्ष राहिले. मराठीचा तिसरा थर, अरबी-फारसी शब्दांचा, या चर्चेबाहेर राहतो. सोलापूरच्या महाविद्यालयीन वर्गात मराठी, कन्नड व तेलुगू बोलणाऱ्यांबरोबर उर्दू बोलणारा विद्यार्थीही बसतो. त्याला ‘रूह’ ठाऊक असते. हिब्रू ‘रूआह’ (वारा, श्वास, चैतन्य) तिचीच बहीण आहे. ‘नफ्स’ आणि ‘नेफेश’, ‘सलाम’ आणि ‘शालोम’ ही जोडीही तशीच. मराठीत मुरलेल्या ‘हिशेब’ या शब्दाचे मूळ आणि ‘उपदेशक’ ग्रंथाच्या सातव्या अध्यायातील ‘हेश्बोन’ यांचे मूळ एकच आहे. ‘कुर्बानी’ ऐकणाऱ्याला लेवीय ग्रंथातील ‘कोर्बान’, म्हणजे जवळ नेलेले अर्पण, समजावून सांगण्यास एक वाक्य पुरते. ‘आत्मा’ या शब्दाने जो वारा कोंडला जातो तो ‘रूह’ने काही अंशी मोकळा होतो.

येथे सावधगिरी मात्र हवी. जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या भाषेच्या अर्थविचारावरील ग्रंथात दाखवून दिले की धातू समान असला म्हणून अर्थ समान असतो असे नाही. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो. मराठी ‘मालक’ आणि हिब्रू ‘मेलेख’ एकाच धातूचे, पण मेलेख म्हणजे राजा. सगोत्र शब्द दार दाखवतो, आत नेत नाही. त्यामुळे बायबल उर्दूमिश्रित मराठीत लिहावे असा येथे आग्रह नाही. मूळ शब्द, त्याचे प्राचीन ग्रीक रूप आणि मराठीतील सर्व पर्याय शेजारी ठेवून वाचावेत, एवढीच अपेक्षा आहे.

अशा वाचनात काय हाती लागते याचे एक उदाहरण ‘उपदेशक’ ग्रंथातच आहे. तेथे तीसहून अधिक वेळा येणारा ‘हेवेल’ हा शब्द मूळात वाफ, श्वासाचा फुंकर या अर्थाचा. रूढ मराठीत तो ‘व्यर्थ’ असा येतो आणि ग्रंथ वैराग्यपर भासू लागतो. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात भावाच्या हातून मारल्या गेलेल्या हाबेलाचे हिब्रू नाव अक्षरशः हेच आहे. हिब्रू वाचकाला ‘उपदेशक’ वाचताना तो अल्पायुषी भाऊ आठवू शकतो. मराठी वाचकाला ‘व्यर्थ’ आणि ‘हाबेल’ यांचा संबंध लागण्याची सोय नाही. मराठी आवृत्तीत त्या ठिकाणी दोन ओळींची तळटीप पुरेशी आहे.