यात्रा आणि यात्रावर्णन

प्रवास कोठें करावा हा प्रश्न जुना आहे. प्रवास केव्हां करावा हा प्रश्न आतां नव्यानें पुढें आला आहे. जगांतील मोठमोठे उत्सव कोणत्या महिन्यांत येतात याच्या याद्या करून, त्या तिथींभोंवतीं वर्षाच्या रजा आणि गाड्यांचीं तिकिटें बेतण्याची रीति आपल्याकडील सुशिक्षितांतहि रुळली आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मुंबईहून अशीच एक यादी मजकडे पाठविली. तींत व्हेनिस व रिओ येथील कार्निव्हल, क्योतोचा गिऑन उत्सव, मेक्सिकोंतील मृतांचा दिवस, कलकत्त्याची दुर्गापूजा इतकें होतें. महाराष्ट्राच्या वांट्यास पंढरीची वारी आणि गणेशोत्सव आला होता. "कोल्हापूरकडील कांहीं घालावयाचें असल्यास सुचवावें, आणि तिकडे येण्यास चांगला हंगाम कोणता तेंहि कळवावें," अशी पुस्ती त्यानें जोडली होती. मी उत्तर लिहावयास बसलों आणि अडलों. तें अडणें केवळ माझ्या आळसाचें नव्हतें, त्यांत वाङ्मयाचाहि एक प्रश्न गुंतलेला होता, असें मागाहून लक्षांत आलें. त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

अडलों तें 'चांगला हंगाम' या शब्दांपाशीं. शाहूवाडी हा सह्याद्रीच्या माथ्यालगतचा, पावसाचा तालुका. पावनखिंड आणि विशाळगड हीं दोन्हीं स्थळें याच तालुक्यांत आहेत. सन १६६० च्या जुलै महिन्यांत सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज रात्रीच्या काळोखांत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले आणि मागून येणाऱ्या शत्रूस घोडखिंडींत थोपवून धरतां धरतां बाजीप्रभु देशपांडे धारातीर्थीं पडले, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या स्मरणार्थ दर जुलैंत पन्हाळ्यापासून खिंडीपर्यंत तरुणांचीं पथकें पायीं येतात. वाटेंत गुडघाभर चिखल, पायांस जळवा आणि दहा हातांपलीकडचें कांहीं दिसूं न देणारें धुकें. सोयीचाच हंगाम पाहावयाचा तर डिसेंबर उत्तम. हवा कोरडी, वाट स्वच्छ, आकाश मोकळें. परंतु डिसेंबरांत येणाऱ्यास खिंड दिसेल, ती रात्र दिसणार नाहीं. येथें गैरसोय हीच अर्थाची वाट आहे. ती टाळून केलेला प्रवास सुखाचा होईल, पण तो या स्थळाचा होणार नाहीं.

यावरून प्रवास आंखणें हेंच वाईट, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मात्र चुकीचा ठरेल. आपल्या यात्रांइतक्या काटेकोर आंखलेल्या गोष्टी थोड्याच असतील. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीसोहळ्यास आजचें रूप दिलें तें हैबतबाबा आरफळकर यांनीं, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. मुक्काम कोठें, रिंगण कोठें, रथाच्या पुढें कोणत्या दिंड्या आणि मागें कोणत्या, हें सारें तेथें ठरलेलें असतें. दिंडीची जागा आपल्या मर्जीनें कोणी बदलीत नाहीं. तिथीचेंहि तसेंच. सन २०२५ मध्यें आषाढी एकादशी ६ जुलैस होती. सन २०२६ मध्यें अधिक ज्येष्ठामुळें ती २५ जुलैस येते. वारकरी आपली पेरणी, उसनवारी आणि घरची व्यवस्था त्या सरकत्या तिथीभोंवतीं बसवितो. यादी करणारा प्रवासीहि तिथीच पाहतो. परंतु ती आपल्या रजेंत बसते कीं नाहीं एवढ्यापुरती. एकाच्या आंखणींत उत्सव धनी असतो, दुसऱ्याच्या आंखणींत गिऱ्हाइक. भेद आहे तो येथें. आणि प्रवासाविषयीं लिहिलेल्या वाङ्मयांतहि हाच भेद स्पष्ट उमटतो, असें मला म्हणावयाचें आहे.

या जातीचें मराठींतील सर्वांत विलक्षण पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचें 'माझा प्रवास'. वरसईचे हे गरीब भिक्षुक १८५७ सालीं घरचें कर्ज फिटावें या आशेनें उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, तेथें मोठी दक्षिणा मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानीं आली होती. म्हणजे एका महोत्सवाची वेळ साधण्यासाठींच हा प्रवास योजलेला होता. प्रत्यक्षांत त्यांच्या वांट्यास आलें तें बंड. झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिला, लूट पाहिली, प्रेतें पाहिलीं, आणि अखेर गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले. चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून तें इतिहासाचें साधन म्हणून वाचलें जातें. परंतु त्याचें वाङ्मयीन मोल निराळें आहे. भटजींना कांहीं 'पाहावयाचें' नव्हतें. त्यांना मिळवावयाचें होतें आणि पुढें जीव वांचवावयाचा होता. म्हणूनच दक्षिणेचा हिशेब आणि शहराचा संहार हीं दोन्हीं त्यांच्या लेखणींतून एकाच स्वरांत उतरतात, आणि त्या स्वरावर आपला विश्वास बसतो. बेत मोडल्यावर जें समोर आलें त्याला त्यांनीं मान दिला, म्हणून पुस्तक झालें.

पाश्चात्य वाङ्मयांतील दोन उदाहरणें येथें उपयोगी पडतील. गटेनें रोमचा कार्निव्हल प्रथम १७८७ सालीं पाहिला, तेव्हां तो त्याच्या मनास आला नाहीं. पुढील वर्षीं तो त्यानें पुन्हा पाहिला आणि मग त्यावर निबंध लिहून १७८९ सालीं प्रसिद्ध केला. उत्सव एका भेटींत कळत नाहीं. पहिल्या वर्षीं आपल्याला गर्दी दिसते, तिच्यांतील क्रम दिसावयास दुसरें वर्ष लागतें. वर्षाकांठीं बारा उत्सवांची यादी करणाऱ्यास हें दुसरें वर्ष कधींच लाभत नाहीं.

दुसरें उदाहरण विनोदी आहे. बव्हेरियांतील ओबरआमरगाउ या खेड्यानें १६३३ च्या साथींत केलेला नवस म्हणून ख्रिस्ताच्या अंतकालाचें नाट्य १६३४ पासून होत आलें आहे, आणि आतां तें सामान्यतः दर दहा वर्षांनीं होतें. सन २०२० चा प्रयोग साथीमुळेंच लांबून २०२२ सालीं झाला, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. जेरोम के. जेरोम हा विनोदी लेखक तें नाट्य पाहावयास गेला आणि त्या यात्रेची रोजनिशी त्यानें १८९१ सालीं छापली. पुस्तकाचा बराच भाग रेल्वेचीं वेळापत्रकें, परक्या बिछान्यांची तऱ्हा आणि जेवणाचे हाल यांनीं व्यापलेला आहे. वाचक हंसतो, पण लेखकानें कांहीं लपविलेलें नाहीं. आजचीं आपल्याकडील उत्सवप्रवासाचीं बहुतेक वर्णनेंहि गाड्या, खोल्या आणि जेवण यांचींच असतात. फरक इतकाच कीं, त्यांस संस्कृतिदर्शन असें नांव दिलेलें असतें, आणि जेरोमचा विनोद व प्रामाणिकपणा हे दोन्हीं गुण त्यांतून वजा झालेले असतात.

आतां वारीकडे वळूं. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहांत आहे, आणि इतक्या थोड्या पानांत इतका ऐवज आपल्या गद्यांत क्वचितच सांठविलेला असेल. बाई समाजशास्त्राच्या अभ्यासक. तरी त्या दिंडीकडे नमुना म्हणून पाहत नाहींत. एकाच दिंडींत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हें त्यांना दिसतें, आणि नोंद करून त्या थांबत नाहींत. तें त्यांना सलतें, आणि दुसऱ्या पंगतींत जेवावयास बसून त्या त्याचें उत्तर देतात. त्यानंतर बायकांचें बोलणें मोकळें झाल्याचें त्या सांगतात. लेखाचा प्राण तेथें आहे. ज्या लोकांचे पाय पंढरीस जातात त्यांचा देश तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या पुष्कळांनीं उचलली आहे. मला मात्र ती सर्वस्वीं पटत नाहीं. आमच्या भागांतील कित्येक घरांची वाट पंढरीकडे न जातां जोतिबाकडे जाते. त्याच वाटेनें कर्नाटकांतील भाविकहि येतात. आणि ज्या विठ्ठलाला संतांनींच कानडा म्हटलें त्याच्या नांवें एका प्रांताची सीमा आंखणें अवघड आहे. व्याख्या अपुरी असेल. परंतु ती चालून मिळविलेली आहे, म्हणून तिच्याशीं वाद घालावासा वाटतो. बसल्या जागीं केलेल्या व्याख्येशीं वाद घालण्याचीहि इच्छा होत नाहीं.

दि. बा. मोकाशी यांचें 'पालखी' (१९६४) हें पुस्तक याच वाटेचें, परंतु कथाकारानें लिहिलेलें. ते भाविक म्हणून निघाले नव्हते, हें त्यांनीं लपविलें नाहीं. बाहेरच्या माणसानें आपलें बाहेरचेपण मान्य करून लोकांबरोबर चालावें, त्यांचें ऐकावें आणि जेथें आपल्याला श्रद्धा नाहीं तेथें ती उसनी आणूं नये, ही त्यांची वृत्ति. मला हें पुस्तक वारंवार शिकवावेंसें वाटलें तें यासाठीं कीं, उत्सवाविषयीं लिहिणारास भक्तच असावें लागतें हा समज तें खोडून काढतें. भक्ति नसली तरी चालेल. पण सोबत हवी.

येथें एक आक्षेप संभवतो. प्रवाशानें लिहावेंच असें कोठें आहे? तो चार दिवस आनंद करण्यास जातो. त्याच्यावर वाङ्मयाचे निकष कां लादावे? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. यात्रेंतील गर्दी ही शोभेची वस्तु नव्हे. २५ जानेवारी २००५ रोजीं मांढरदेवीच्या यात्रेंत चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ तीनशें माणसें मेलीं. ती वार्ता आली त्या दिवसाची आठवण आमच्या बाजूच्या कित्येक घरांत अद्यापि निघते. तेथें गेलेलीं माणसें देवीस गेलीं होतीं, देखावा पाहावयास नव्हे. पाण्याची, वाटेची आणि निवाऱ्याची जेथें आधींच ओढ, तेथें केवळ पाहणारा येतो तेव्हां तो कोणाची तरी जागा अडवितो. ती जागा आपण कशानें भरून देणार, हा प्रश्न त्यानें निघण्यापूर्वीं स्वतःस विचारला पाहिजे. लिहिणारास तो प्रश्न टाळतां येत नाहीं, एवढेंच. विचारावयाचा सर्वांनींच आहे.

मीं स्वतः तो फार उशिरां विचारला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरीस गेलों होतों, तो खिशांत कोरी वही घालून. गुलालानें डोंगर लाल झालेला, उंच सासनकाठ्या गर्दीवरून डोलत येत होत्या, आणि मी एका ओट्यावर उभा राहून टिपणें करीत होतों. एका काठीचा तोल सुटूं लागला तेव्हां खालून एक वृद्ध गृहस्थ ओरडले, "मास्तर, लिवतासा काय? दोर धरा!" मीं दोर धरला, आणि पुढें देवळापर्यंत तो सोडतां आला नाहीं. हाताचीं सालटीं निघालीं. काठीचें वजन किती, चौघांचे दोर सारखे ताणले नाहींत तर काय होतें, 'चांगभलं' हा गजर केव्हां भक्तीचा आणि केव्हां श्रम सोसण्याचा असतो, हें त्या अर्ध्या तासांत समजलें. घरीं येऊन वही पाहिली तेव्हां ओट्यावरचीं टिपणें कोणत्याहि माहितीपत्रकांत शोभलीं असतीं अशीं निघालीं. मीं तीं फाडलीं नाहींत. वर्गांत वाईट गद्याचा नमुना म्हणून पुष्कळ वर्षें तीं वाचून दाखविलीं आहेत.

विद्यार्थ्यास अखेर उत्तर लिहिलें. यादींत कोल्हापूरकडचें कांहीं घालूं नये असें कळविलें. त्याऐवजीं त्याच्या आईच्या गांवची काठी जोतिबास येते, तिचा मान कितवा आणि यंदा तिचा दोर धरावयास माणसें पुरेशीं आहेत काय, याची चौकशी करावी, आणि कमी असल्यास रजा काढावी. हंगाम चैत्राचा आहे; ऊन फार असतें, हेंहि लिहिलें.